एकोणचाळिसावा शब्द

पत्ते खेळणारा धर्मगुरू म्हटला की आपल्यातील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आजही आठी उमटते, आणि तिचे मला नवल वाटत नाही. आमच्या घरी पत्त्यांचा जोड राखेच्या बुधवारी आईच्या ट्रंकेत जाई, तो ईस्टर उलटल्यावरच बाहेर येई. लग्नघरी रात्र जागविण्यासाठी पुरुषमंडळी जो डाव मांडीत त्यात पैसा असे, आणि पैसा आला की भांडण येई. आईचा आक्षेप खेळाला नव्हता; तो त्या भांडणाला होता. ब्रिज या खेळाशी माझी ओळख झाली ती मात्र सेमिनरीत. नीतिशास्त्र शिकविणारे आमचे वृद्ध प्राध्यापक रात्रीच्या जेवणानंतर पाऊण तास ब्रिज खेळत. एके दिवशी चौथा गडी कमी पडला आणि त्यांनी मला हाक मारली. त्या पाऊण तासांत मी जे शिकलो ते सकाळच्या वर्गात शिकलेल्यापेक्षा उणे होते असे मला आता वाटत नाही.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला निम्मा ब्रिज येतोच. बावन्न पत्ते, चार गडी, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. हुकूम तोच, हात करणे तेच. फरक असा की खेळ सुरू होण्यापूर्वी लिलाव होतो. 'चार इस्पिक' अशी बोली लागली तर तिचा अर्थ, इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात करून दाखवू. भिडूच्या हातात काय आहे हे आपल्याला दिसत नाही. त्याच्या बोलीवरून ते ताडावयाचे आणि आपल्या बोलीने त्याला आपले सांगावयाचे. आज जगभर खेळला जाणारा हा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने एका सागरी प्रवासात आपल्या सोबत्यांसह गुणांकनाची नवी पद्धत बसवून आकाराला आणला. आपल्या देशालाही तो परका नाही. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा त्यांतील एकाचे वय ६० होते आणि दुसऱ्याचे ५६.

या लिलावात बोलण्यासाठी खेळाडूला एकूण ३८ शब्द दिलेले आहेत. ३५ बोली, आणि पास, डबल, रिडबल हे तीन. याखेरीज एक अक्षरही नाही. भिडूंनी या ३८ शब्दांतच एकमेकांशी बोलावे, आणि त्यांचा जो अर्थ भिडूला ठाऊक तोच प्रतिपक्षालाही ठाऊक असावा, ही या खेळाची सारी नीती आहे. परंतु माणूस यंत्र नव्हे. पास म्हणण्यापूर्वी तो थांबतो; थांबतो म्हणजे विचार करतो; आणि विचार करतो म्हणजे विचार करण्यासारखे काहीतरी त्याच्या हातात आहे. अशा रीतीने कोणाचीही इच्छा नसताना एकोणचाळिसावा शब्द उच्चारला जातो. माझा आजचा विषय हा एवढाच शब्द आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. उपनगरातील एका खुल्या स्पर्धेत मी आणि माझे एक डॉक्टर स्नेही भिडू म्हणून बसलो होतो. डॉक्टरांनी एक बदाम अशी सुरुवात केली. प्रतिपक्षातील एकाने एक इस्पिक म्हटले, मी तीन बदामांपर्यंत गेलो, आणि दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याने थेट चार इस्पिक मारले. आता पाळी डॉक्टरांची. ते थांबले. पंख्याचा आवाज ऐकू यावा इतका वेळ थांबले. वीस-पंचवीस सेकंद झाले असतील. मग त्यांनी पासचे कार्ड हलकेच टेबलावर ठेवले. पुढचा गडीही पास म्हणाला आणि पाळी माझ्याकडे आली. माझे पत्ते काठावरचे होते. पासही शोभला असता आणि पाच बदामही. मी पाच बदाम म्हटले. प्रतिपक्षाने डबल केले, आमचा एक हात कमी पडला आणि आम्ही १०० गुण गमावले. परंतु त्यांचे चार इस्पिक बसणारच होते आणि त्यांना ४२० गुण मिळणारच होते. म्हणजे सौदा आमच्या फायद्याचा झाला होता.

प्रतिपक्षातील वयस्क गृहस्थांनी शांतपणे हात वर करून डायरेक्टरना बोलावले. स्पर्धेच्या पंचाला ब्रिजमध्ये डायरेक्टर म्हणतात. त्यांनी सर्व ऐकून घेतले, माझे पत्ते एका कागदावर उतरवून घेतले आणि निघून गेले. अर्ध्या तासाने निकाल आला. पाच बदाम रद्द, चार इस्पिक बसले असे धरावे, प्रतिपक्षाला ४२० गुण. या आकड्याला आपल्या भाषेत जो अर्थ आहे तो वाचकांना सांगावयास नको. भारतीय दंडविधानातील ते कलम २०२४ साली नव्या न्यायसंहितेने बदलले, पण लोकांच्या जिभेवरून ते इतक्यात उतरणार नाही. गुणपत्रिकेवर आमच्या नावापुढे ते लिहिले गेले तेव्हा माझे कान तापले.

मी डायरेक्टरकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, मी पाच बदाम बोलणारच होतो. डॉक्टर थांबले नसते तरी बोललो असतो."

ते म्हणाले, "फादर, तुम्ही खोटे बोलता असे मी म्हणत नाही. तुम्ही काय करणार होतात, हे मला विचारायचेच नाही."

त्या रात्री मला हे उत्तर उद्धट वाटले. ते उद्धट नव्हते, कायद्याला धरून होते, हे समजायला मला बराच काळ लागला.

जागतिक ब्रिज महासंघाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमसंहितेतील सोळावा आणि त्र्याहत्तरावा हे दोन नियम या प्रश्नाविषयी आहेत. थांबणे हा गुन्हा आहे असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. शक्यतो एकसारख्या गतीने खेळावे हे इष्ट, एवढेच. विचार करण्याचा खेळाडूचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. बंधन आहे ते थांबणाऱ्यावर नव्हे, त्याच्या भिडूवर! भिडूच्या थांबण्यातून तुम्हाला जे कळले ते तुमचे नव्हे. त्याचा लाभ होऊ नये यासाठी तुम्ही काळजीपूर्वक झटावयाचे. तुमच्यापुढे दोन समंजस मार्ग असतील आणि भिडूच्या थांबण्याने त्यांतील एकाकडे बोट दाखविले असेल, तर तो मार्ग तुम्हाला बंद. दुसरा मार्ग समंजस होता की नाही हे ठरविण्यासाठी डायरेक्टर सहसा त्याच तोडीच्या काही खेळाडूंना तेच पत्ते दाखवून विचारतात, "तुम्ही काय बोलाल?" कोणी किती वेळ थांबले होते हे त्यांना सांगत नाहीत. माझे पत्ते त्या रात्री चौघांना दाखविले होते. दोघे पास म्हणाले, दोघे पाच बदाम. प्रश्न तेथेच मिटला.

या नियमाची कडक बाजू तर लक्षात येतेच. मला आता त्यातील शहाणपण अधिक जाणवते. 'मी हे करणारच होतो' या वाक्याची शहानिशा कोणाला करता येईल? डायरेक्टरला नाही, आणि मलाही नाही. डॉक्टर थांबल्यानंतर माझ्या मनाने जो विचार केला तो त्या थांबण्याने आधीच रंगलेला होता. त्यातून ते पंचवीस सेकंद वजा करून 'मूळचा मी' काय बोललो असतो हे शोधणे म्हणजे चहातून साखर परत काढणे आहे. मनुष्य अशा वेळी खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच तसे वाटते. वडिलांच्या पश्चात शेताचा कडेचा तुकडा ज्याच्या वाट्याला आला तो भाऊ म्हणतो, 'बाबांच्या मनात तो मलाच द्यायचा होता'. आणि हे म्हणताना तो रडतो, व ते अश्रू खरे असतात. म्हणून ब्रिजचा कायदा अंतःकरणात शिरतच नाही. तुमच्या मनाचा न्याय तुमच्यापाशी आणि देवापाशी. टेबलावर फक्त टेबलाचा न्याय. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही अंतर्गत न्यायकक्षा आणि बाह्य न्यायकक्षा असा भेद शतकानुशतके चालत आला आहे. डायरेक्टरनी मला ढोंगी ठरविले नव्हते. ती पदवी माझी मीच लावून घेतली होती, आणि म्हणून माझे कान तापले होते.

आमच्या प्राध्यापकांनी या गोष्टीची दुसरी बाजू कधीकाळी सांगितली होती ती मला पुढे आठवली. जुन्या नीतिशास्त्रात वाईट विचारात रेंगाळण्याला एक लॅटिन नाव आहे, 'देलेक्तात्सियो मोरोसा'. 'मोरा' म्हणजे विलंब. विद्यार्थ्यांचा समज असा की विचार किती सेकंद टिकला यावर पाप अवलंबून. संत थॉमस अक्वायनस यांनी हा समज खोडून काढला आहे. विलंब घड्याळातला नव्हे. विचार ध्यानात आल्यावरही बुद्धी त्याला घालवून न देता त्याच्यापाशी बसून राहते, तो विलंब. मनात प्रथम जे उमटते त्याचा दोष नाही. प्राध्यापक पत्ते पिसता पिसता म्हणाले होते, "भिडू थांबला हे तुला कळले, त्यात तुझे पाप नाही. कान बंद करून कोण खेळतो? पण कळल्यानंतर तू त्या कळण्याला बसायला खुर्ची दिलीस का, ते पाहा." त्या रात्री मी त्याला खुर्ची दिली होती, चहाही दिला होता.

ज्ञान असूनही ते नसल्यासारखे वागणे ही अवघड साधना आहे. सामान्यतः आपण प्रामाणिकपणाचा अर्थ लावतो तो बोलण्यापुरता: जे ठाऊक आहे त्याच्या विरुद्ध बोलू नये. परंतु जे ठाऊक आहे ते वापरू नये, असेही प्रामाणिकपणाचे एक अंग आहे आणि त्याची जाण आपल्याला कमी असते. धर्मगुरूच्या वाट्याला ही साधना रोजच येते. पापनिवेदनाची गुप्तता सर्वांना ठाऊक आहे. ऐकलेले सांगावयाचे नाही. पण १९८३ च्या धर्मसंहितेतील ९८४ वा नियम त्याच्याही पुढे जातो. पापनिवेदनातून मिळालेले ज्ञान, ते उघड होण्याचा लेशमात्र धोका नसला तरी, निवेदकाला जाच होईल अशा रीतीने वापरण्यास तो मनाई करतो, आणि जो अधिकारपदावर आहे त्याने कारभार चालविताना ते मुळीच वापरू नये असे सांगतो. कोणाला कळणार नाही, हा बचाव तेथे चालत नाही.

याच संहितेतील २४० वा नियम मला याहून सूक्ष्म वाटतो. एखाद्या सेमिनरी विद्यार्थ्याला गुरुदीक्षा द्यावी की नाही, किंवा त्याला सेमिनरीतून काढावे की नाही, हे ठरविताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे आणि त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही विचारावयाचे नाही. 'त्यांनी सांगू नये' एवढ्यावर कायदा थांबला नाही. 'त्यांना विचारूच नये' असे तो म्हणतो. का? त्याचे कारण ब्रिज खेळणाऱ्याला चटकन कळेल. नऊ विद्यार्थ्यांविषयी 'योग्य आहे' असे म्हणून दहाव्यापाशी तो धर्मगुरू क्षणभर थांबला, आणि मग 'मी काही सांगू शकत नाही' म्हणाला, तर त्याने सारे सांगितले. एकोणचाळिसावा शब्द त्याच्या तोंडून निघालाच. ज्याने हा नियम लिहिला त्याला मौनाचे सामर्थ्य माहीत होते.

आता फसवणुकीचा प्रश्न. आतापर्यंत मी खऱ्या थांबण्याविषयी लिहिले. खोटे थांबणेही असते. समजा, प्रतिपक्षाचा खेळाडू राणी कोणाकडे आहे हे शोधतो आहे. तो गुलाम टाकतो. तुमच्याकडे राणी नाही, दोन हलकी पाने आहेत. विचार करण्यासारखे काहीच नाही. तरीही तुम्ही हात पत्त्यांवर फिरवता, भुवई उचलता, आणि मग नाइलाजाने टाकावी तशी तिरी टाकता. त्याने समजावे की राणी तुमच्याकडेच आहे. ब्रिजमध्ये याला सक्त मनाई आहे. संहितेने तर उदाहरणच दिले आहे: त्या रंगाचे एकच पान हातात असताना ते टाकण्यापूर्वी घुटमळणे. आणि येथेही डायरेक्टर तुमचा हेतू सिद्ध करीत बसत नाही. थांबण्याला खेळातले काही कारण नव्हते, आणि त्याने प्रतिपक्ष फसू शकेल हे तुम्हाला कळू शकले असते, एवढे पुरते.

एका युवकाने मला विचारले होते, "फादर, पण खोटे पान टाकायला तर परवानगी आहे! राजा आणि राणी दोन्ही असताना प्रतिपक्षाला चकवायला मी वाटेल ते टाकू शकतो. मग पानाने फसवले तर चालते आणि थांबून फसवले तर पाप, हा कुठला न्याय?" प्रश्न बिनतोड आहे असे त्या क्षणी मला वाटले. उत्तर शोधताना मला पुन्हा संत थॉमस यांच्याकडे जावे लागले. युद्धात दबा धरून बसणे न्याय्य आहे काय, असा प्रश्न त्यांनी घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की आपली योजना शत्रूपासून लपविणे ही लबाडी नव्हे, कारण सर्व काही सांगण्याचे आपण त्याला वचन दिलेले नसते; परंतु दिलेला शब्द मोडणे ही लबाडीच, कारण शत्रूशीही काही करार असतात आणि ते पाळावे लागतात. पान हा युद्धाचा भाग आहे. मी पान टाकतो तेव्हा 'हे पान माझ्याकडे होते' एवढेच मी सांगतो आणि ते सत्यच असते. तर्क चुकला तर तो तुमचा. थांबणे हा मात्र पांढऱ्या निशाणासारखा प्रकार आहे. 'मला विचारासाठी वेळ हवा आहे', असे ते उरलेल्या तिघांना सांगते, आणि तिघेही विश्वासाने तो वेळ देतात. त्या निशाणाआडून गोळी झाडली तर पुढच्या खेपेस जो खरोखर विचारासाठी थांबेल त्याचे निशाणही कोणी मानणार नाही. त्या युवकाचे यावर समाधान झाले की नाही, मला ठाऊक नाही. त्याने मान हलविली आणि तो क्रिकेट खेळायला गेला.

संथ खेळाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. बुद्धिबळात १८८३ च्या लंडन स्पर्धेत यांत्रिक घड्याळे आली आणि तेव्हापासून ज्याचा वेळ त्याने खर्चावा असा न्याय रुळला. मी रेंगाळलो तर माझेच घड्याळ पळते. ब्रिजमध्ये वेळ चौघांचा मिळून असतो, साधारण सात-आठ मिनिटे एका डावाला. आणि फेरी संपली की सगळे टेबल एकदम हलते. आमचे टेबल मागे राहिले की पुढच्या टेबलावरचे दोघे हातावर हात ठेवून उभे. संथ खेळणारा जे खर्चतो ते त्याच्या खिशातले नसते. नियमांत त्यासाठी दंड आहे. परंतु संथ खेळाडू सहसा दुष्ट नसतो. तो भित्रा असतो. चूक होईल या भीतीने तो पुन्हा पुन्हा मोजतो. त्याच्याविषयी मला सहानुभूती आहे, कारण प्रवचनाच्या वेळी माझेही तेच होते. सात वाजताची मिस्सा लांबते आणि साडेआठच्या मिस्सेला आलेली म्हातारी माणसे उन्हात ताटकळतात, ते कोणाच्या वेळेतून? दुष्ट म्हणावा असा संथपणा निराळा. उरलेले सारे हात आपलेच आहेत हे पक्के ठाऊक असताना पत्ते उघडे न करता समोरच्याला एकेक पान खेळायला लावणे. प्रतिस्पर्धी वैतागावा म्हणून गती बदलणे. यांची नावे घेऊन संहितेने निषेध केला आहे, आणि तो योग्यच आहे.

मोठ्या स्पर्धांनी एकोणचाळिसाव्या शब्दाचा बंदोबस्त करण्यासाठी काय काय केले ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी बोली तोंडाने लावीत. आवाजाच्या चढउतारांतून अर्थ निघे, म्हणून बोलींची छापील कार्डे आली. १९७५ साली बर्म्युडा येथील जागतिक स्पर्धेत टेबलावर तिरका पडदा उभा राहिला. भिडू भिडूला दिसेनासा झाला. त्याच स्पर्धेत एका जोडीतला खेळाडू टेबलाखाली पायाने खुणा करतो असा आरोप झाला, आणि बुटके मेज आणून टेबलाखाली ठेवावे लागले! आता पडद्याखालून एक तबक सरकते. पडद्याच्या एका बाजूला मी आणि एक प्रतिस्पर्धी. आम्हा दोघांच्या बोली त्यावर एकदम पलीकडे जातात. तबक उशिरा आले तर थांबला कोण, माझा भिडू की त्याचा, हे पलीकडच्याला कळत नाही. काही सज्जन खेळाडू तर मुद्दाम, विचार करावयाचा नसतानाही, तबक थोडे रोखून धरतात. हेतू हा की ज्याला खरोखर विचार करावा लागला त्याचे थांबणे झाकले जावे. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिज संगणकाच्या पडद्यावर गेला, तेव्हा थांबला तो मनुष्य की त्याचे इंटरनेट, अशी नवी पंचाईत झाली.

आमच्या क्लबात पडदे नाहीत. घरातही नसतात. मुलगी विचारते, "बाबा, मी मैत्रिणींबरोबर दोन दिवस माथेरानला जाऊ का?" बाबा वर्तमानपत्र खाली ठेवतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "जा की." मुलगी जात नाही. आणि पुढे कधी विषय निघाला तर बाबा खऱ्या मनाने म्हणतात, "मी तर जा म्हणालो होतो." शब्दाची जबाबदारी आपण घेतो, थांबण्याची घेत नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याचे थांबणे तर हुकमासारखे असते, हे मला माझ्याच एका चुकीने शिकविले.

काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथे दफनभूमीच्या राखणदाराची जागा रिकामी झाली. तीन अर्ज आले. समितीच्या बैठकीत चिटणीसांनी पहिले नाव वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी चर्चच्या गळक्या छपराचा विचार करीत होतो; पावसाळा तोंडावर होता आणि ठेकेदाराने सांगितलेला आकडा मनातून जात नव्हता. भानावर येऊन मी म्हणालो, "तुम्हीच ठरवा. मला तिघेही सारखे." सभासदांनी दुसऱ्या नावाला पसंती दिली. मला त्यात काही विशेष वाटले नाही.

सात-आठ महिन्यांनी एका बारशाच्या पंगतीत कोणीतरी सहज म्हणाले, "त्याला आम्ही घेणारच होतो, पण फादर थांबले. आम्ही समजलो, काहीतरी असेल." त्या 'काहीतरी'ने गावभर काय रूप घेतले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. फादर थांबले म्हणजे फादरांना काही ठाऊक असणार. आणि फादरांना ठाऊक असते ते कोठून, हेही लोकांनी आपल्या मनाशी जुळविले असणार. त्या माणसाविषयी मला काहीच प्रतिकूल ठाऊक नव्हते. तो दोन मुलांचा बाप होता, आणि रोजगारासाठी एव्हाना बायकोच्या माहेरगावी निघून गेला होता.

मी त्याला भेटायला गेलो. काय सांगणार? 'मी छपराचा विचार करीत होतो' हे खरे कारण इतके क्षुल्लक होते की ते तोंडातून निघेना. तरी सांगितले. तो ऐकत राहिला. मग बराच वेळ थांबून म्हणाला, "असू दे, फादर." त्याच्या त्या थांबण्याचा अर्थ काढण्याचा मला अधिकार नव्हता, आणि तो काढल्यावाचून मला राहवलेही नाही.

परतल्यावर पुढच्याच बैठकीत मी सभासदांना सारे सांगितले. खाली माना घालून त्यांनी ते ऐकले, एकजण म्हणाला, "तुम्ही तेव्हाच बोलायला हवे होते." ते खरेच होते. परंतु ज्याला आपण थांबलो हेच ठाऊक नाही, तो तेव्हाच काय बोलणार? डॉक्टरांनाही त्या रात्री आपण पंचवीस सेकंद थांबलो हे मान्य नव्हते. त्यांच्या मते ते फार तर पाच होते. आता माणसांच्या नावांचा प्रश्न आला की मी चिठ्ठ्या टाकायला सांगतो. माझी चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांत मिसळते. हा गरिबाघरचा पडदा.

मग थांबूच नये काय? प्राध्यापकांचा सल्ला असा असे की विचार आपली पाळी येण्यापूर्वी करून ठेवावा. आणि पाळी आल्यावर थांबावेच लागले तर शक्यतो काहीतरी ठाम बोलून मोकळे व्हावे, दीर्घ विचारानंतर पास म्हणून आपली द्विधा भिडूच्या पदरात टाकू नये. उलट बाजूचा अतिरेकही त्यांना नापसंत होता. भिडू थांबला की पत्ते कितीही उत्तम असोत, डोळे मिटून पास म्हणणारा आमचा एक सहाध्यायी होता. प्राध्यापक त्याला म्हणत, "कायदा तुझ्याकडे त्याग मागत नाही, निवड मागतो. जिथे दुसरा समंजस मार्गच नाही तिथे पास म्हणणे हा सद्गुण नव्हे, हा बुटातला खडा." त्यांच्या बोलण्यात श्लेष होता: लॅटिनमध्ये 'स्क्रूपुलुस' म्हणजे बारीक टोकदार खडा, आणि अतिरेकी पापभीरूपणालाही तोच शब्द आहे.

डॉक्टर आणि मी अजून गुरुवारी संध्याकाळी खेळतो. गेल्या पावसाळ्यात जवळजवळ तोच डाव पुन्हा आला. त्यांनी बदाम म्हटले, प्रतिपक्ष चार इस्पिकांवर गेला, आणि डॉक्टर थांबले. या वेळी आपण थांबलो हे त्यांचे त्यांनाच कळले. त्यांनी माझ्याकडे न पाहता पासचे कार्ड ठेवले. माझे पत्ते पुन्हा काठावरचेच होते. मी पास म्हणालो. चार इस्पिक आरामात बसले. रात्री निकालाचा कागद लागला तेव्हा इतर तीन टेबलांवर आमच्या बाजूच्या जोड्यांनी पाच बदाम बोलून ते बसविलेले दिसले. डॉक्टरांनी कागदावरून बोट फिरवीत तो आकडा दोनदा वाचला आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

"चला फादर, तुम्हाला सोडतो," ते म्हणाले. "उद्या तुमची सहाची मिस्सा आहे."